रोजाने की गुत्त्याने?

आमच्या भागात घर बांधायला काढले की गवंडी पहिला प्रश्न विचारतो तो वाळूचा नव्हे आणि सिमेंटचाही नव्हे. "रोजानं करू का गुत्त्यानं?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो. रोजाने म्हणजे दिवसाची मजुरी. जितके दिवस काम चालेल तितके रोज मोजायचे. गुत्त्याने म्हणजे सारे काम अंगावर घ्यायचे आणि ठरलेली एकच रक्कम घ्यायची. मग ते काम आठ दिवसांत उरको की महिनाभर चालो. पुण्या-मुंबईकडे यालाच उक्ते काम म्हणतात. आपल्या बीदर-कलबुर्गीकडे गुत्ते हाच शब्द रूढ आहे आणि शेजारच्या कन्नडातील 'गुत्तिगे'शी त्याचे जवळचे नाते आहे. या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्र रोजाला 'दिनगूली' म्हणतील, पण प्रश्न त्यांच्याही घरी हाच आहे. गुत्तेदार हे तर आपल्याकडे आडनावच होऊन बसले आहे.

मी नोकरी न करता स्वतंत्रपणे संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. माझ्यापुढेही दर नव्या कामाला गवंड्याचाच प्रश्न उभा राहतो : तासावर पैसे घ्यायचे की सबंध कामाचे गुत्ते करायचे? महाविद्यालयात येणे झाले की विद्यार्थी मला विचारतात, "सर, किती मिळतात?" मात्र "कशावर मिळतात?" असे आजवर कोणी विचारलेले नाही. खरे पाहता हा दुसरा प्रश्न आधीचा आहे. त्याचे उत्तर चुकले तर पहिल्याचे उत्तर आपोआप चुकते. माझे ते एकदा चुकले होते आणि त्याची किंमत मी एकट्याने भरली नाही. म्हणून हा लेख.

शेतकऱ्यांच्या मुलांना हा विषय अगदीच नवा नाही. आपल्या शेतात खुरपणी बहुधा रोजाने होते आणि सोयाबीनची काढणी बहुधा गुत्त्याने, एकराच्या भावाने, होते. असे का, याचा विचार करून पाहा. खुरपणी गुत्त्याने दिली तर घाईत तणाबरोबर पीकही निघते, आणि तण मुळासकट निघाले की नुसते वरून छाटले हे त्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही; पंधरा दिवसांनी पाऊस पडला की कळते. म्हणून तिथे मालक रोज देतो आणि बांधावर उभा राहतो. काढणीचे तसे नाही. पीक कापलेले आहे की उभे आहे हे कोणालाही दिसते. एकर मोजलेला असतो. वर ढग जमलेले असतात आणि काम लवकर उरकणे दोघांच्याही हिताचे असते. तिथे गुत्ते बरे. म्हणजे जे काम आधी मोजता येते आणि संपल्यावर तपासता येते ते गुत्त्याला योग्य. ज्याचे माप आधी सांगता येत नाही किंवा ज्याची प्रत लगेच दिसत नाही ते रोजाला योग्य. इतके आपल्या वाडवडिलांनी कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकावाचून ठरवून ठेवले आहे.

आता प्रश्न असा की संगणकाचे काम खुरपणीसारखे आहे की काढणीसारखे?

माझ्या मते ते विहिरीसारखे आहे. बीदरच्या पठारावर जांभा दगड आहे, त्याच्या खाली आणि सभोवार काळा पाषाण आहे. एका शेतात बऱ्याच खोलीपर्यंत मऊ लागते, तर बांधापलीकडच्या शेतात थोड्याच खोलीवर काळा पाषाण आडवा येतो. वरून दोन्ही शेते सारखीच काळीभोर दिसतात. अशा जमिनीत 'पाणी लागेपर्यंत अमुक इतके रुपये' असे गुत्ते जो घेईल तो एकतर फार श्रीमंत असला पाहिजे किंवा फार अननुभवी असला पाहिजे. मी दुसऱ्या प्रकारचा होतो.

माझे पहिले काम होते गंजातील एका आडत दुकानाचे. तूर, सोयाबीन, हरभरा अशा मालाची आवक लिहायची, शेतकऱ्याची हिशेबपट्टी काढायची, हमाली-तोलाई धरायची आणि वर्षाअखेर खाती जुळवायची. आडत्याकाका ओळखीचे होते. त्यांनी विचारले, "सगळं मिळून किती घेशील?" मी मनाशी हिशेब केला. दीडशे तासांचे काम दिसले. ३६,००० रुपये सांगितले. तासाला २४० रुपये पडत होते आणि मला ते भरपूर वाटले. काका लगेच "बरं" म्हणाले. ते इतक्या लगेच कबूल झाले याचाच मला आनंद झाला.

काम सुरू झाल्यावर पाषाण लागू लागला. पहिला दगड नावांचा होता. त्या दुकानात भालकी-औरादकडचे शेतकरी येत तसे उदगीर-देवणीकडचेही येत. एकाच शेतकऱ्याचे नाव एका वहीत मराठीत, दुसऱ्या वहीत कन्नडात आणि बँकेच्या कागदावर इंग्रजीत. माणसाला तो एकच पाटील. संगणकाला ते तीन वेगळे इसम. युनिकोड या जागतिक लिपी-संकेतात देवनागरीची आणि कन्नडाची घरे वेगवेगळी आहेत. दोन्ही लिप्यांतील एकाच नावाचे नाते संगणकाला आपोआप ठाऊक नसते. दुसरा दगड ओलाव्याचा. माल ओला असेल तर वजनातून किती तोडायचे याचा नियम दुकानात कुठेही लिहिलेला नव्हता. तो मुनीमजींच्या डोक्यात होता आणि मालागणिक बदलत होता. तिसरा दगड उचलीचा. पेरणीच्या वेळी घेतलेली रक्कम काढणीनंतरच्या पट्टीतून वळती करायची, पण माल भावाच्या नावावर आला तर काय करायचे? प्रत्येक वेळी मी काकांना म्हणालो, "हे ठरलं नव्हतं." प्रत्येक वेळी काका शांतपणे म्हणाले, "अरे, दुकानाचं काम करतो म्हणालास ना? मग हे दुकानातच चालतंय की."

त्यांचे खोटे नव्हते, हे मला आज कळते. त्यांच्या दृष्टीने 'दुकानाचे काम' या दोन शब्दांत नावे, ओलावा, उचल सारे आलेच होते. चाळीस वर्षे ते रोज तेच करीत होते. माझ्या दृष्टीने त्या दोन शब्दांत फक्त मला दिसलेली काळी माती होती. दोघांनी एकच शब्द उच्चारला आणि दोन वेगळ्या गोष्टींवर हात मिळवला.

दीडशे तासांचे काम ४८० तासांनी संपले. ३६,००० भागिले ४८०, म्हणजे तासाला ७५ रुपये. पण हा आकडाही पुरता खरा नाही. जुन्या वह्यांतील शेतकऱ्यांची नावे दोन्ही लिप्यांत भरून देण्याचे काम माझ्या धाकट्या बहिणीने केले. तिची परीक्षा जवळ आली होती. ती रात्री जेवणानंतर बसे आणि डोळे चोळत टंकित करी. तिला मी काहीच दिले नाही, कारण गुत्त्यात द्यायला काही उरलेच नव्हते. तिचे तास मी मोजलेही नव्हते. ते धरले असते तर ७५ चाही आकडा टिकला नसता.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या भाषेत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघे मिळून एक कोयता, आणि मजुरी टनावर. टनाचा भाव एकच दिसतो. त्यामागे किती हात राबले, कोणी मोळ्या बांधल्या, कोणी गाडीपर्यंत वाहिल्या, हे त्या भावात दिसत नाही. गुत्त्याचा हा मोठा दोष आहे. रोजात मजुराचे तास उघड्यावर असतात; गुत्त्यात ते झाकले जातात आणि मग घरातली माणसे त्या झाकणाखाली फुकट राबू लागतात. मी स्वतःला सुशिक्षित समजत होतो, पण माझ्या घरी टेबलावर तोच कोयता चालला होता.

कायदा करणाऱ्यांना हा दोष ठाऊक होता. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात वेळेवरचा किमान दर आणि नगावरचा किमान दर, अशा दोन्हींची तरतूद होती. त्याखेरीज नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबाने अमुक इतके पडलेच पाहिजे, असा हमीचा दर ठरवण्याची सोयही त्यात होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली, तेव्हा खोदाईची मजुरी मापावर दिली जाई. पण तिथेही एकच एक भाव नसतो. माती मऊ आहे की मुरूम आहे की खडक, खोदलेले किती लांब टाकायचे आणि किती उंच चढवायचे, यावर दर बदलतो. म्हणजे सरकारी कामावरच्या मातीच्या गुत्त्यातही 'खाली काय लागले' याला किंमत आहे. मी मात्र पाषाणाचे काम मातीच्या भावाने करून बसलो होतो.

आता विद्यार्थी मित्र म्हणतील, मग तासावरच काम घ्यावे, भानगड नको. त्या वाटेनेही मी गेलो. पहिल्या कामाने पोळल्यावर पुण्याच्या एका कंपनीचे काम तासावर घेतले. दर महिन्याला तास लिहून पाठवायचे, पैसे यायचे. वर्षभर बरे चालले. त्यांच्या एका ठरावीक अहवालाला आरंभी मला सहा तास लागत. मी त्यासाठी एक छोटेसे साधन लिहिले आणि तेच काम पाऊण तासात होऊ लागले. महिनाअखेरीस पाहतो तो माझे उत्पन्न घटलेले. काम तेवढेच झाले होते, उलट चुका कमी झाल्या होत्या, आणि शहाणपणाबद्दल मला दंड बसला होता. तासाचा हिशेब हुशार माणसाला हळू व्हायला शिकवतो. हे ज्याला मोहात पाडत नाही तो संत. मला दोन महिने मोह पडला होता, हे इथे कबूल करतो.

शिवाय तासाच्या व्यवहारात संशय असतो. खुरपणीच्या बांधावर मालक उभा राहतो तसाच इथेही राहतो, फक्त दिसत नाही. अपवर्कसारख्या परदेशी बाजारात तासावर काम घेतले की दर दहा मिनिटांच्या टप्प्यात केव्हातरी तुमच्या पडद्याचे चित्र आपोआप टिपले जाते आणि काम देणाऱ्याला ते पाहता येते. ठरीव रकमेचे काम असेल तर असे चित्र लागत नाही. तिथे रक्कम आधीच मध्यस्थाकडे ठेवली जाते आणि टप्पा पुरा झाला की सोडली जाते. म्हणजे एका पद्धतीत माणसावर पहारा आणि दुसरीत पैशावर.

काम देणाऱ्याचीही बाजू पाहिली पाहिजे. एका शिक्षणसंस्थेचे काम मी तासावर घेतले होते. दोन महिन्यांनी माझे बिल त्यांच्या अपेक्षेबाहेर गेले. त्यांनी काम थांबवले. चूक कोणाचीच नव्हती. किती तास लागतील ते मी सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. पण झाले असे की माझे पैसे मिळाले आणि त्यांच्या हाती अर्धी विहीर राहिली. अर्ध्या विहिरीला पाणी लागत नाही. त्या संस्थेचा कारकून आजही प्रवेशाच्या याद्या हातानेच करतो आणि तो भेटला की मला ओशाळल्यासारखे होते.

ही अडचण माझ्याएकट्याची नाही. अमेरिकेत आयबीएमच्या ३६० मालिकेतील संगणकांसाठी प्रचंड प्रणाली लिहिण्याचे काम फ्रेड ब्रुक्स यांनी सांभाळले होते. त्या अनुभवावर १९७५ साली त्यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला मुख्य विचार असा की 'इतकी माणसे गुणिले इतके महिने' या मापाने प्रोग्रॅमचे काम मोजता येत नाही. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते आणखी लांबते. नवीन माणसांना समजावण्यातच जुन्यांचा वेळ जातो. तास हे कष्टाचे माप आहे, समजुतीचे नव्हे. आणि या धंद्यात खर्च होतो तो मुख्यतः समजून घेण्यात.

आपल्या देशातील मोठ्या कंपन्याही या दोन्ही वाटा चालून आल्या. आरंभीच्या दशकांत त्यांचा बराचसा धंदा म्हणजे अभियंते परदेशी पाठवायचे आणि त्यांच्या वेळेचे पैसे घ्यायचे असा होता. पुढे अनुभव साठला, तीच तीच कामे पुन्हा पुन्हा येऊ लागली, तसतशी ठरीव रकमेची कामे वाढली. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस आपल्या अहवालांत वेळेवरचे उत्पन्न किती आणि ठरीव रकमेवरचे किती, हे वेगवेगळे दाखवीत आली आहे. मात्र त्यांची बरोबरी आपण करू नये. शंभर गुत्त्यांपैकी दहांत पाषाण लागला तरी उरलेली नव्वद ते भरून काढतात. एकट्या माणसाची वर्षाला तीन-चार कामे. त्यातले एक बुडाले तर वर्ष बुडते. म्हणून मोठ्या कंपनीला परवडणारे धाडस भालकीच्या एकट्या पोराला परवडत नाही, मग तो तितकाच हुशार का असेना.

इतके सांगितल्यावर माझे म्हणणे एका वाक्यात मांडता येईल. रोज की गुत्ते हा भावाचा प्रश्नच नव्हे. खाली काय लागेल हे माहीत नसताना ते लागल्याचा भार कोणी सोसायचा, हा तो प्रश्न आहे. रोजात तो सगळा मालकावर पडतो, गुत्त्यात सगळा करणाऱ्यावर. दोन्ही टोके अन्यायाची आहेत. म्हणून आधी खाली काय आहे ते पाहावे, त्या पाहण्याचे पैसे रोजाने घ्यावेत, आणि जेवढे दिसले तेवढ्याचेच गुत्ते करावे.

प्रत्यक्षात हे कसे करायचे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आपला हमीचा दर आपणच काढावा. स्वतंत्र काम करणाऱ्याला किमान वेतनाचा कायदा तारायला येत नाही. समजा, घरखर्च, वीज, इन्व्हर्टर, संगणकाची झीज, आजारपणाची शिल्लक हे सारे धरून तुम्हाला महिन्याला ३६,००० रुपये लागतात. विद्यार्थी यावर असा हिशेब करतात : महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे आठ तास, मिळून २०८ तास, म्हणून तासाला १७३ रुपये. हा हिशेब नोकरदाराचा आहे. आपल्याला पैसे देणारे तास याहून फार थोडे असतात. गिऱ्हाईक शोधणे, बोलणी, वसुलीचे हेलपाटे, नवे शिकणे, वीज जाणे, लग्नसराई, ताप, या सगळ्यांचे पैसे कोणी देत नाही. वर्षातील ४५ आठवडे आणि आठवड्याला पैसे मिळणारे २४ तास धरले तर १,०८० तास होतात. वर्षाचे ४,३२,००० रुपये भागिले १,०८०, म्हणजे तासाला ४०० रुपये. हा नफा नव्हे, हा तळ आहे. गुत्ते केले तरी मनाशी हाच आकडा धरून करावे. आणि घरातले कोणी हातभार लावणार असेल तर त्यांचेही तास यात मोजावेत.

दुसरी गोष्ट, चाचणीचा खड्डा. काम घेण्यापूर्वी आठ-दहा तास त्या माणसाच्या दुकानात किंवा कचेरीत बसावे. वह्या पाहाव्यात. मालकाला विचारावेच, पण मुनीमजींना आणि कारकुनाला अधिक विचारावे, कारण न लिहिलेले नियम त्यांच्याकडे असतात. जे दिसले ते तीन-चार पानांत लिहून द्यावे आणि त्या तासांचे पैसे घ्यावेत. ती पाने मालकाची. ती घेऊन तो दुसऱ्याकडे गेला तरी हरकत नाही.

काही जण म्हणतील, अंदाज काढायला सूत्रे आहेतच, ही खटपट कशाला? सूत्र आहे खरे. अमेरिकेच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'पर्ट' नावाची पद्धत काढली. सारे सुरळीत गेले तर किती वेळ, बहुधा किती आणि फारच बिघडले तर किती, असे तीन आकडे घ्यायचे. मधल्याला चौपट वजन देऊन बेरीज करायची आणि सहाने भागायचे. आडतीच्या कामात मी हे केले असते तर १००, १५० आणि ३२० असे आकडे धरले असते. उत्तर आले असते १७०. प्रत्यक्षात लागले ४८०. सूत्र खोटे नाही, पण ज्याने वहीच उघडलेली नाही त्याच्या तिन्ही आकड्यांत वही नसते.

तिसरी गोष्ट, कामाचे तुकडे पाडावेत. बीदरच्या नौबादेतील बहमनी काळातले कारेझ, म्हणजे सुरंग बावी, अनेकांनी पाहिली असेल. जमिनीखालचा तो पाण्याचा बोगदा सलग आंधळेपणाने खोदलेला नाही. अंतराअंतरावर वरून उभे झरोके आहेत. आपल्या कामालाही असे झरोके असावेत. आधी आवकेची नोंद, मग पट्टी, मग खाती. प्रत्येक टप्प्याअखेर मालकाला हाताळून पाहता येईल असे काही तयार व्हावे आणि त्या टप्प्याचा हप्ता मिळावा. सुरुवातीला इसार घ्यावा. इसार न देणारा माणूस वाईट असतो असे नाही, पण त्याचे मन अजून ठरलेले नसते.

चौथी गोष्ट, काय येणार नाही हे लिहावे. काय येईल हे सगळेच लिहितात. 'ओलाव्याची तूट यात नाही', 'जुन्या वह्यांतील नावे भरून देणे यात नाही', अशी चार वाक्ये पुढचे चाळीस वाद वाचवतात. त्याखाली एक ओळ असावी : याबाहेरचे काम तासाच्या अमुक दराने. म्हणजे गुत्त्याच्या पोटातच रोजाची खिडकी राहते.

पाचवी गोष्ट, नुसत्या तासाच्या कामालाही वरची मर्यादा घालावी. 'इतक्या तासांपुढे विचारल्याशिवाय जाणार नाही' हे आपणहून सांगावे. शिक्षणसंस्थेला मी हे एक वाक्य सांगितले असते तर त्यांनी पैसे पुरतील एवढाच भाग आधी निवडला असता आणि तो तरी पुरा झाला असता.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाती आली आहेत. पूर्वी दिवस खाणारे काम ती काही मिनिटांत लिहून देतात. म्हणून तासाचा हिशेब आणखी लंगडा होत चालला आहे. पण मुनीमजींच्या डोक्यातला ओलाव्याचा नियम त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. दुकानात बसून तो काढून घेणारा आणि मराठी-कन्नड दोन्हींत विचारू शकणारा माणूस लागतोच. सीमेवरच्या मुलांनी आपल्या या दोन भाषांना कमी लेखू नये. परगावच्या प्रोग्रॅमरला जिथे पाषाण लागतो तिथे आपल्याला पुष्कळदा मातीच लागते.

शेवटी त्या आडत्याकाकांविषयी सांगितले पाहिजे. पाच वर्षांनी त्यांनी पुन्हा बोलावले. नवे गोदाम घेतले होते, तिथल्या मालाचा हिशेब हवा होता. पुन्हा तोच प्रश्न आला, "सगळं मिळून किती?" या वेळी मी म्हणालो, "काका, आधी दहा तास बघतो. त्याचे ४,००० रुपये. मग भाव सांगतो." मला वाटले ते रागावतील. त्यांच्यासमोर तुरीचे पोते उघडायचे होते. ते उठले, सळई पोत्यात खुपसली, मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाले, "मी बघितल्याशिवाय भाव सांगत नाही. मागच्या वेळी तू सांगितलास तेव्हाच मला नवल वाटलं होतं."

पाच वर्षांपूर्वी हे ते का बोलले नाहीत, असे मी त्यांना विचारले नाही. धंद्यात समोरच्याची चूक दाखवणे हे कोणाचे काम नसते.

दहा तास पाहिले, चार पाने लिहिली आणि ६०,००० रुपयांचे गुत्ते केले. १३१ तास लागले. तासाला सुमारे ४५८ रुपये पडले, तळाच्या वर. गोदामातल्या जुन्या मालाची यादी पुन्हा बहिणीनेच भरली. तिचे तास या वेळी चार पानांत वेगळे लिहिले होते, आणि काकांनी ते पैसे तिच्याच हाती दिले.